झेंडूचं मलम

शर्टांच्या कारखान्यात बावीस वर्षं काजं करणाऱ्या बाईला सगळे काजवाली म्हणत. तिने लग्न केलं नव्हतं. धाकटी बहीण तापाने गेली, तेव्हा बहिणीची वर्षाची पोर हिच्या पदरात आली. मेहुणा जहाजावर कामाला. 'सहा महिन्यांत येतो' म्हणून गेला, त्या सहा महिन्यांची सहा वर्षं झाली. पैसे पाठवायचा, फोन करायचा, पण येणं काही होईना.

पोर एका जागी म्हणून बसायची नाही, म्हणून तिचं नाव पडलं भिंगरी. तिच्या कोपरांना आणि गुडघ्यांच्या मागे सारखी खाज सुटे. खाजवून खाजवून कातडी लालबुंद व्हायची. दवाखान्यातलं औषध लावलं की आग होते म्हणून ती घर डोक्यावर घ्यायची. शेवटी कारखान्यातल्या एका म्हातारीने काजवालीला मलम शिकवलं.

गच्चीत डब्यांमधून लावलेला झेंडू. त्याच्या पाकळ्या सावलीत वाळवायच्या, बरणीत तेलात बुडवून तीन आठवडे उन्हात ठेवायच्या. मग तलम फडक्यातून तेल गाळायचं, गरम पाण्यातल्या भांड्यात मधमाशीचं मेण वितळवून त्यात मिसळायचं आणि डब्या भरायच्या. पहिल्या खेपेला मेण इतकं जास्त पडलं, की भिंगरी म्हणाली, "मावशी, याची मेणबत्तीच करू या." पुढे हात बसला. रोज संध्याकाळी कामावरून आल्यावर काजवाली तिला मांडीवर घेऊन मलम चोळायची. खाज चार दिवस थांबायची, पाचव्या दिवशी पुन्हा हजर. कुणी विचारलं तर काजवाली म्हणायची, मलम आहे म्हणून एवढ्यावर निभावतंय.

मग मेहुणा आला. जहाज सोडलेलं, दुसरं लग्न केलेलं. तीन खोल्यांचं घर घेतलंय, शाळा जवळ आहे, आता लेकीला न्यायचंय, असं त्याने खाली मान घालून सांगितलं. काजवाली काय बोलणार? बाप तो बाप. तिने पोरीचे कपडे घडी करायला घेतले. एकाच फ्रॉकची घडी तिने तीनदा घातली आणि तीनदा मोडली.

नवी बायको दुसऱ्या दिवशी वही घेऊन आली. मलम शिकवा म्हणाली. काजवालीला वाटलं होतं, हिला बघताच अंगाचा तिळपापड होईल. पण बाई गरीब स्वभावाची निघाली. पाकळ्या किती, तेल किती, सगळं विचारून लिहून घेत होती. मेण वितळवताना काजवालीने काही हातचं राखलं नाही. चोळताना दाबायचं नाही, डाव्या कोपराला जास्त लागतं, हेसुद्धा सांगितलं. चार डब्या बांधून दिल्या आणि पोर गेली.

तीन महिन्यांनी नवी बायको एकटीच आली. पाणी दिलं, ते तिने नुसतं हातात धरलं. इकडचं तिकडचं बोलून झालं, तरी ती उठेना.

"ताई, तुमच्या कानावर दुसऱ्या कुणाकडून आलेलं मला चाललं नसतं," ती म्हणाली. "डब्या संपल्या, मला नवं मलम करायला वेळ झाला नाही. तर तिचं अंग आपोआप स्वच्छ झालं. डॉक्टरांनी पाठीवर पट्ट्या लावून तपासलं. तिला झेंडू सोसत नाही."



"म्हणजे इतकी वर्षं मीच," काजवाली म्हणाली.

"पहिली खाज कशाची होती ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. तुम्ही तळहातावरच्या फोडासारखं जपलंत तिला."

"हो. आणि फोड जाऊ दिला नाही."

नवी बायको रडू लागली. तिचीच समजूत काजवालीला घालावी लागली. जाताना ती दारात थांबून म्हणाली, की भिंगरीला यातलं काही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. काजवालीने तिचा हात धरला. ती गेल्यावर काजवाली गच्चीत गेली. डबे फुलांनी भरले होते. तिने एकेक रोप मुळासकट उपटलं. इतक्या वर्षांत किती वेळा ही पोर रडत रडत मांडीवर आली आणि आपण वर आणखी एक थर चढवला, त्याचा हिशेब काही केल्या लागेना.

रविवारी भिंगरीचा फोन आला. शाळेतलं सांगून झालं, नवी मैत्रीण झाली तेही सांगून झालं.

"मावशी, मलम पाठव ना."

काजवालीने घाईने विचारलं, "खाज येते का गं?"

"नाही. असंच. झोपताना वास घ्यायला."

"नाही जमायचं, सोन्या. मी विसरले ते कसं करायचं."

पलीकडून पोर म्हणाली, "इतक्यात विसरलीस?" आवाजात राग होता. तिने फोन वडिलांच्या हातात दिला.

त्यानंतर दोन रविवार भिंगरी फोनवर आली नाही. खेळायला गेलीय, असं मेहुणा सांगायचा. काजवाली बरं म्हणायची, आणि तिचं अंग कसं आहे तेवढं विचारायची. छान आहे, एकही डाग नाही, असं तो म्हणाला, की ती फोन ठेवायची.