ही पेटी बंद करू नये

चौथ्या डिस्कवरचं कुंकू खरवडताना निशिगंधाचं नख तुटलं आणि सकाळपासून दाताखाली धरलेली शिवी शेवटी बाहेर पडली. हळूच पडली, पण पिराजीनं ऐकली. तो दारापाशी टोपी हातात धरून उभा होता.

“मॅडम, ओल्या फडक्यानं पुसू का?”

“हात लावू नका! मामा, तुम्ही आता कश्शाकश्शाला हात लावू नका.”

डिस्क चार. प्रत्येकीवर हळदीची दोन बोटं, कुंकवाचं एक, आणि तिसरीच्या पिनांत झेंडूची पाकळी अडकलेली. निशिगंधानं ती चिमट्यानं ओढून काढली आणि पुराव्यासारखी टेबलावर ठेवली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, उद्यमनगरात, केतन मगदूमच्या साच्यांच्या कारखान्यात आपण कानकोरण्यानं कुंकू काढत बसू, असं कोणी तिला सांगितलं असतं तर तिनं त्याला वेड्यात काढलं असतं.

पेटी तिनंच आणून ठेवली होती. राजारामपुरीतली तिची फर्म कारखान्यांना, दवाखान्यांना, दूधसंस्थांना कॉम्प्युटरचं सामान विकायची, आणि नवा माल विकण्याआधी पारखून घ्यायचं काम निशिगंधाचं. ही बॅकअपची पेटी. कॉम्प्युटरमध्ये जे असेल त्याची रोज आपोआप प्रत काढून ठेवणारी. बासष्ट प्रश्नांचा तक्ता करून ऑफिसात महिनाभर तिनं पेटीचा छळ मांडला. वीज तोडली, वायर उपटली, चालू असताना एक डिस्क काढून परत घातली. पेटी बधली नाही. पण ऑफिसात काय, मशीनसुद्धा पाहुण्यासारखं शहाण्यागत वागतं. म्हणून दोन महिने केतनकडं, खऱ्या धुळीत, खऱ्या माणसांत. खऱ्या माणसांत! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

“परत एकदा सांगा, मामा. नवमीला काय केलंत?”

“सांगितलं की मघा.”

“परत सांगा. मला रिपोर्टात लिहायचंय.”

पिराजीनं घसा खाकरला. सत्तावीस वर्षं तो इथं लाकडी साचे घासत होता आणि खंडेनवमीची पूजा कायम त्याच्याकडं होती. “रंधा, पटाशी, करवती मांडल्या. लेथला हार घातला. मग ही पेटी राहिली. धाकलं मालक म्हणालेले, आपलं समदं आता ह्यात हाय. मग तिची बी पूजा नको व्हय? दार उघडलं तर आत चार पाती. शस्त्र म्यानात ठिवून पुजत न्हाईत, मॅडम. बाहेर काढून पुजायचं असतंय.”

“म्हणून चारही काढल्या.”

“एक पुजायची आणि तीन तशीच ठिवायची?”

“आणि पेटी चालू!”

“तुम्हीच चिकटवलंय की.” पिराजीनं बोट दाखवलं. पेटीवर निशिगंधाच्याच अक्षरातला कागद होता : ही पेटी बंद करू नये. “न्हाय केली बंद.”

आता बोला! निशिगंधानं कपाळाला हात लावला. बासष्ट प्रश्नांत हा प्रश्न नव्हता. आणि ती काही परमुलखातून आलेली नव्हती. परवा तिच्या स्कूटरलाही झेंडूचा हार होताच.

केतन आतून आला. वडिलांच्या पश्चात तीन वर्षं कारखाना तोच बघत होता, आणि काल पेटी उघडेना झाली तेव्हापासून त्याचा चेहरा उतरलेला होता.

“येतील का ड्रॉइंगं?”

“बघते.”

“बघते न्हाय, मॅडम. एकोणीस वर्षांची हाईत. फौंड्रीवाला साचा मागतो तो नंबर सांगून. ड्रॉइंग नसेल तर मी त्याला काय दाखवू, तोंड?”

जुना कॉम्प्युटर बदलीत द्यायचा, नवा दसऱ्याच्या मुहूर्तावर आणायचा, असं केतननं ठरवलं होतं. मधले चार दिवस सगळी ड्रॉइंगं एकट्या पेटीत. एकच प्रत म्हणजे प्रत नव्हे, हे ती गिऱ्हाइकांना ओरडून सांगायची. पण चार दिवसांचा तर प्रश्न, म्हणून तिनं मान डोलावली होती.

केतन पिराजीकडं वळला. “मामा, काल बोललोय तेच. ड्रॉइंगं आली तर आली. न्हाय आली तर उद्यापासनं यायचं न्हाय.”

“व्हय, मालक,” पिराजी म्हणाला.

निशिगंधानं डिस्क ओळीनं आत सरकवल्या आणि पेटी सुरू केली. दिवे लाल झाले, मग पिवळे. पेटी आपलं आपण जुळवून घेऊ लागली. अर्ध्या तासानं आठ टक्के.

तिनं पेटीच्या कंपनीला फोन लावला. पलीकडच्या पोरानं हिंदी-इंग्रजीची खिचडी करत सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, कुंकू म्हणजे काय? तिनं सांगितलं. त्याच्या यादीत आग होती, पाणी होतं, उंदीर होते, कुंकू नव्हतं. शेवटी दोघांनी मिळून ‘धूळ’ लिहिली.

दुपार त्यातच गेली. पेटी तेहतीस टक्क्यांवर अर्धा तास अडून बसली, तेव्हा निशिगंधाचा तोल सुटला. “कितीदा सांगायचं तुम्हा लोकांना! विचारायचं तरी! फोन नव्हता का? सत्तावीस वर्षं काम केलं म्हणजे सगळंच कळतं असं होत नाही, मामा!” करवत चालवणारे दोघं थांबून बघायला लागले. पिराजी मान खाली घालून ऐकत राहिला. मग कोणी न सांगता जाऊन तिच्यासाठी चहा घेऊन आला. त्याचाही तिला राग आला.

साडेचारला चारही दिवे हिरवे झाले.

“आलं!” ती खुर्चीतून उठलीच. “मामा, आलं! एकही डिस्क गेलेली नाही!”

पिराजीनं पेटीला हात जोडले. केतन धावत आला. तिनं बटण दाबलं आणि पडद्यावर एक चौकोन उघडला. डिस्क बाहेर काढल्या गेल्या आहेत. चावी द्या.

बरोबरच होतं. पेटीतला मजकूर कुलपात असायचा, चोरानं डिस्क पळवल्या तरी त्याला वाचता येऊ नये म्हणून. चावी अठ्ठेचाळीस अक्षरांची, बसवताना एकदाच मिळणारी. कंपनीकडंही तिची प्रत नसायची.

“एक मिनिट,” निशिगंधा म्हणाली.

लॅपटॉपवर चावी नव्हती. मेलमध्ये नव्हती. फोनमध्ये नव्हती. मग तिचे हात थांबले. पेटी बसवली त्या दिवशी ती केतनच्या जुन्या कॉम्प्युटरपाशी बसली होती. चावी तिनं तिथंच उतरवली, पेन ड्राइव्हवर घेऊ म्हणून. तेवढ्यात फर्मच्या साहेबांचा फोन आला. बोलता बोलता तिनं तक्त्यातल्या एकतिसाव्या प्रश्नापुढं बरोबरची खूण केली : चावी वेगळ्या जागी ठेवली आहे. आणि बदलीत देण्याआधी तो कॉम्प्युटर तिनं पुसला होता, नियमाप्रमाणे तीनदा, काहीही मागं उरू नये असा.

“काय झालं?” केतननं विचारलं.

“फोन करून येते.”

बाहेर रस्त्यावर येऊन तिनं साहेबांना फोन लावला. उदयसिंहांनी तिला बोलूच दिलं नाही. “कंपनीशी बोललोय मी. गिऱ्हाइकानं चालू पेटीतनं डिस्का काढल्या, जबाबदारी त्यांची. त्या माणसाकडनं लिहून घे आणि पेटी पास करून टाक. दिवाळीच्या आत चाळीस ठिकाणी लावायच्यात.”

“सर, पेटीत दोष नाहीच. पण चावी...”

“दोष न्हाय ना? मग झालं तर!” फोन बंद.

ती आत आली तेव्हा कागद तयार होता. अक्षर केतनचं, सही पिराजीची, मोठी, शाळेतल्यासारखी. ‘चालू पेटीच्या डिस्का मी काढल्या. त्यामुळे ड्रॉइंगं गेली. यात मशीनची किंवा मॅडमची काही चूक नाही.’

“तुमच्या सायबांचा मला पण फोन आलता,” केतन म्हणाला. “पेटी उघडंना म्हटलं, तर लिहून द्या म्हणाले.”

“मॅडमचं मी घालायला लावलं,” पिराजी म्हणाला. “सकाळधरनं राबतायसा. तुमच्यावर नको काय यायला.”

निशिगंधानं कागदाची घडी केली. बॅगेची चेन उघडली, कागद आत ठेवला, चेन अर्ध्यावर आणली. चावीचं कोणाला कळलं नसतं. कळायला कोणी उरलंच नव्हतं. सगळ्या उद्यमनगरात एव्हाना एकच गोष्ट झाली होती : मगदुमांच्या पिराजीनं कॉम्प्युटरची पूजा केली आणि वाट लावली.

तिनं कागद परत बाहेर काढला.

“डिस्क ठणठणीत आहेत,” ती केतनला म्हणाली. “मामांनी काढल्या म्हणून काही बिघडलं नाही. कुलपाची चावी मी तुमच्या जुन्या कॉम्प्युटरवर ठेवली होती. आणि तो मीच पुसला.”

“म्हंजे?”

“म्हणजे ड्रॉइंगं पेटीत आहेत. सगळी आहेत. पण निघायची नाहीत.”

केतननं पिराजीकडं बोट केलं. “आणि सकाळपासनं त्या माणसावर वरडत व्हता तुम्ही?”

“हो.”

“लावतो उदयसिंहांना फोन,” तो म्हणाला आणि बाहेर गेला. करवतीच्या आवाजातही त्याचा आवाज आत येत होता, आणि त्यात तिचं नाव होतं.

निशिगंधानं कागदावरची पिराजीची सही खोडली. वरच्या तीन ओळीही खोडल्या. खाली जागा थोडी होती. तिथं तिनं जे झालं ते लिहिलं आणि सही केली.

पिराजी टेबलाला टेकून हे सगळं बघत होता. बाहेर केतन अजून बोलतच होता.

“मॅडम,” त्यानं हळू आवाजात विचारलं, “घरात आणि कोण मिळवतंय का तुमच्या?”