डोमाजींचा नंबर

"मोर्शीवरून यायचं, आन् बलावणं काई येत नाही," श्रावण बाकावर सुजलेले पाय चोळत कुरकुरत होता. "मागची पाळी हुकली. धाप लागली तवा समजलं."

गजालाने मान वर केली नाही. अमरावतीच्या या डायलिसिस केंद्राचा कारभार तिच्या प्रोग्रॅमवर चालायचा, आणि बिघाड शोधायला ती सकाळीच अकोल्याहून आली होती. चूक सापडली, तशी तिने उगाचच ओढणी नीट केली.

नवा पेशंट आला की शेवटच्या नंबरात एक मिळवायचा, हे तिनेच लिहिलं होतं. डाटाबेसला स्वतःहून नंबर देता येतो, एकदा दिलेला तो परत कुणाला देत नाही. पण मग मध्ये जागा सुटतात, आणि डॉक्टरांना ओळ सलग हवी होती.

ओळीत शेवटचे होते डोमाजी. ते वारले, तेव्हा काउंटरवरच्या संध्याने त्यांची नोंद पुसली. 'उद्या डायलिसिसला या' असा मेसेज त्यांच्या बायकोला कशाला जावा, एवढीच तिची माया. पण मोबाइल वेगळ्या तक्त्यात, पेशंटच्या नंबरापुढे लिहिलेले होते. तिथे त्यांच्या बायकोचा, इंदूबाईंचा, तसाच राहिला. मागून आलेल्या श्रावणला डोमाजींचाच नंबर मिळाला, आणि त्याची बोलावणी इंदूबाईंकडे जाऊ लागली.

"आन् त्या येतात?" गजालाने हळूच विचारलं.

संध्याने दाराजवळच्या खुर्चीत बसलेल्या इंदूबाईंकडे पाहिलं. दर मेसेजला येतात, म्हणाली. डोक्यावर परिणाम झाला असेल बिचारीच्या, म्हणून कोणी विषय काढत नाही. चहा देतात, हवापाण्याचं बोलतात.

गजालाने नंबर देण्याचं काम डाटाबेसकडे सोपवलं. श्रावणला नवा नंबर मिळाला, त्याचा मोबाइल वाजला, आणि तो पहिल्यांदा हसला. आता इंदूबाईंना सांगणं तेवढं राहिलं.

ती त्यांच्याजवळ जाऊन बसली.

"काकू, चूक माझी होती. आता मेसेज येणार नाही."

"काहून?"

गजालाने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. मग चहा मागवू का, म्हणून विचारलं.

"चहा पुरे झाला, पोरी. मले काय येडी समजता? घरी पोरगा इषय काढू देत नाही, इथं तुमी चहा पाजता." इंदूबाईंनी जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. त्यांनी पदर सावरला. "म्हटलं, बलावून राहिले, तर इथं तरी कोणी म्हनन, डोमाजी मेला."