सरांच्या बाटलीतला फेस

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. प्रत्येकाच्या हातात पिशवी, पिशवीत बाटली, बाटलीत सकाळची पहिली लघवी. फेसबाबा ती काचेच्या बरणीत ओतत, वर चिमूटभर भस्म टाकत आणि बरणी फसफसून उतू जाई.

"बघा समंध कसा तडफडतोय! बारा वर्षं पोटात ठाण मांडून बसलाय, वर रुबाब घरजावयाचा!"

लोक हात जोडत.

रांगेत तोंडाला रुमाल बांधून एक निवृत्त विज्ञानशिक्षक उभे होते. फेस पाहताच सरांनी ओळखलं: बरणीच्या तळाला लिंबूसत्व, भस्मात खायचा सोडा. हाच प्रयोग त्यांनी एकतीस वर्षं सातवीच्या वर्गात करून दाखवला होता. तरी ते रांग सोडून गेले नाहीत. कारण सरांचं दुखणं खरं होतं. लघवी करताना मधूनच हवा सुटे, बुडबुडे येत, आणि वास असा की ते नळ सोडून मोरीत बसत. तीनदा थंडीताप येऊन गेला होता.

"डॉक्टरकडे चला हो," बायको विनवायची.

"जाऊन काय सांगू? मास्तर पुढूनही पादतो म्हणून?"

बाबांनी काहीच विचारलं नाही. "ही घाण तुझी नाही रे बाळा, दुसऱ्याची आहे," एवढंच म्हणाले आणि खायला भस्माची पुडी दिली. सरांना इतकं हलकं वाटलं, की खोटी आहे हे ठाऊक असूनही पुडी त्यांनी कपाळाला लावली.

तिसऱ्या आठवड्यात तापात ते बरळू लागले. बायकोने त्यांना गाडीत घालून दवाखाना गाठला. सलाइन आणि इंजेक्शनांनी शुद्ध आल्यावर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काका, लघवीतून हवा येते का?"

सर दचकले. "असं विचारतात?"

"विचारावंच लागतं. थोडी खसखस खा. दोन दिवस लघवी गाळून बघू."

दुसऱ्याच दिवशी गाळणीवर दाणे दिसले.

"भुतं खसखस खात नाहीत," बाई म्हणाल्या. "तुमच्या मोठ्या आतड्याच्या भिंतीला छोट्या पिशव्या आल्यात. एक सुजून मूत्राशयाला चिकटली, मध्ये भोक पडलं. आतड्यातली हवा आणि घाण तिथून येते. स्कॅन करू. जंतू आटोक्यात आले की आतड्याचा तेवढा तुकडा काढून भोक बंद करायचं. थोडे दिवस लघवीला नळी राहील. अजून आठवडाभर भस्म खात बसला असतात, तर हाती लागला नसतात."

शस्त्रक्रिया पार पडली. दोन महिन्यांनी सर पुन्हा सभागृहात गेले, तोंडाला रुमाल न बांधता. बाटली दिली. बरणी फसफसली.

"मुरलेला आहे!" बाबा गरजले.

"नळाचं पाणी आहे ते," सर म्हणाले. शेजारच्या कोऱ्या बरणीत त्यांनी बोट फिरवलं आणि पुढच्या माणसाला चाटायला दिलं.

"आंबट!" तो ओरडला.

बाबा डगमगले नाहीत. "मास्तर, रुमाल बांधून याच रांगेत कोण उभं होतं?"

हशा पिकला. सरांच्या कानशिलांना चटके बसले.

"मीच," ते म्हणाले. "ही चलाखी मी पहिल्याच दिवशी ओळखली आणि लाजेपोटी गप्प बसलो. तुमच्यातल्या कित्येकांना मी शिकवलंय. मी पुढे येऊन बोललो नाही, म्हणून तुम्ही हात जोडत राहिलात. माझ्या लघवीतून हवा यायची, घाण यायची. त्याला आजार म्हणतात, त्यावर उपाय आहे; डॉक्टरीणबाईंनी मला बरं केलं. या माणसाकडे विद्या नाही, फक्त आपली लाज आहे. ती डॉक्टरला सांगून टाका, याची बरणी रिकामी राहील."

बायकांच्या रांगेतून एकीने आपली बाटली पुन्हा पिशवीत घातली आणि सगळ्यांदेखत विचारलं, "सर, त्या डॉक्टरीणबाई किती वाजता बसतात?"