टोस्टच्या पोटातले पितर

टोस्टच्या पोटातून पहिला आवाज आला तेव्हा शेवंतीकाकूंना वाटलं, पाणी आलं.

चूक त्यांची नव्हती. सिल्व्हर पार्कातल्या त्या बिल्डिंगमध्ये नळाला पाणी यायच्या आधी पाइप अगदी असाच घसा साफ करतो. आधी गुडगुड, मग एक लांब कुंईऽऽ, मग थोडा विचार, मग पुन्हा गुडगुड. काकूंनी पदर खोचला, बादल्या मांडल्या, पिंप विसळलं. नळ कोरडा तो कोरडाच. शेवटी त्या तळमजल्याच्या दारातून बाहेर डोकावल्या.

"समिधा, पाणी येतंय की नाय गो?"

समिधा शिगवण जिन्याखाली टोस्टच्या पोटाला कान लावून बसली होती.

"पाणी नाहीये काकू," ती म्हणाली. "टोस्ट आहे."

टोस्ट हा बिल्डिंगचा कुत्रा. रंगाने टोस्टसारखा, आणि वाढलाही टोस्टवरच. पहिल्या मजल्यावरच्या जिजाआजींनी त्याला पिल्लू असताना गेटपाशी उचललं आणि चहात बुडवलेले टोस्ट भरवून मोठं केलं. जिजाआजी म्हणजे बाळाराम आजोबांची बायको. मूळची माणसं भाईंदरजवळच्या मुर्ध्याची, मिठागरावर राबलेली, मुलाने फ्लॅट घेतला म्हणून इकडे आलेली. आजी बिल्डिंगमध्ये दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध होत्या. एक टोस्ट, आणि दुसरी त्यांची ढेकर. दुपारी जेवण झालं की त्या अशी ढेकर द्यायच्या की तिसऱ्या मजल्यावरचे विपुलभाई पेपर खाली ठेवून म्हणायचे, "जिजाबाए जमी लीधुं." म्हणजे जेवल्या. त्यावर लोक घड्याळं लावायचे असं समिधाचे पप्पा सांगतात, पण पप्पा काहीही सांगतात.

गेल्या वर्षी आषाढात आजी गेल्या. टोस्ट सगळ्यांचा झाला. सगळ्यांचा म्हणजे समिधाचा.

समिधा नववीत. आठवीपर्यंत ती वर्गात हजेरीसुद्धा अशी द्यायची की बाई दोनदा विचारायच्या. जूनमध्ये कुणीच तयार होईना म्हणून तिला मॉनिटर केलं, आणि पहिल्याच दिवशी ती "गप्प बसा!" म्हणाली तर सगळा वर्ग खरोखरच गप्प बसला. त्या शांततेचा तिच्यावर फार परिणाम झाला. तेव्हापासून तिचा आवाज जो सुटला तो सुटलाच. घरी आई म्हणायची, "अगं, मी तुझ्या वर्गात नाहीये."

टोस्टचं पोट बिघडलं त्याला कारण पितृपक्ष.

पितरांचं पान कावळ्याने शिवायचं, ही रीत. पण पितृपक्षात कावळ्यांना एवढी बोलावणी असतात की त्यांचा भाव वाढतो. या बिल्डिंगच्या गच्चीवर तर सोलरची पॅनेलं आणि कबुतरांची जाळी. कावळा लांबूनच बघायचा आणि शेजारच्या बिल्डिंगला पसंती द्यायचा. आता पितरांच्या नावाने कुत्र्यालाही घास देतात, हे सगळ्यांना माहीत होतं. आणि कुत्रा जागेवर असतो. त्याची वाट बघावी लागत नाही, काव काव करावं लागत नाही. तेव्हा रोज कुणा ना कुणाची तिथी, आणि रोज टोस्टपुढे पान. कोकणातले वडे आणि काळ्या वाटाण्याची आमटी, गुजराती दूधपाक-पुरी, चौथ्या मजल्यावरच्यांची कचोरी. टोस्टने कुणाच्याही पूर्वजाला नाही म्हटलं नाही.

मग तो नमस्कार करायला लागला. पुढचे पाय लांब पसरायचे, छाती जमिनीला टेकवायची, मागची बाजू वर.

"बघ गो," शेवंतीकाकूंनी स्वतः हात जोडले. "पितरांना नमस्कार करतोय. मुकं जनावर, पण जाण बघ!" आणि त्याला आणखी एक वडा दिला.

नमस्कार वाढले. मग गवत खाणं सुरू झालं, आणि मग हे गुडगुड. संध्याकाळी समिधा आणि तिची आई त्याला रिक्षात घालून डॉक्टरकडे निघाल्या. सिग्नलला टोस्टच्या पोटातून असा काही आवाज आला की रिक्षावाल्याने इंजिन बंद केलं आणि वाकून खाली बघितलं.

"मॅडम, ये मेरा है क्या?"

"नहीं भैया," समिधा म्हणाली. "हमारा है."

दवाखान्यात आई म्हणाली, "तूच बोल. मॉनिटर आहेस ना."

डॉक्टर कुलदीप म्हणून होते, शांत गृहस्थ. त्यांनी टोस्टचं पोट दाबलं, टोस्टने उत्तर दिलं. "खाया क्या है इसने?"

"सर, श्राद्ध."

"किसका?"

"पूरे बिल्डिंग का."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. नमस्काराचं ऐकल्यावर म्हणाले, "बेटा, वो नमस्कार नहीं है. पेट दुखता है तो कुत्ता ऐसे करता है." मग इंजेक्शन दिलं. उद्या दुपारपर्यंत नुसतं पाणी, तेही थोडं थोडं. दुपारी भाताची पातळ पेज. मीठ नाही, तेल नाही. "कल से बाहर का खाना एकदम बंद."

"सर, कल सर्वपित्री अमावस्या है."

ज्यांची तिथी माहीत नाही, ज्यांची चुकली, ज्यांची राहिली, त्या सगळ्यांचं पान त्या दिवशी असतं हे डॉक्टरांनाही माहीत असावं. ते टोस्टकडे बघत राहिले.

"फिर आज से बंद," ते म्हणाले. "एक भी पूरी अंदर गई तो सीधा सलाइन. पितर कितने भी हों, पेट एक ही है."

समिधाने रिक्षातच बिल्डिंगच्या ग्रुपवर मेसेज टाकला. टोस्ट आजारी आहे, उद्या त्याला कुणीही काहीही देऊ नये, विनंती. घरी पोचेपर्यंत सगळ्यांचे जोडलेले हात आले. एकही विरोध नाही. समिधाला वाटलं, नेतृत्व म्हणतात ते हेच.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळपासून बिल्डिंगभर तळणाचा वास सुटला. टोस्ट जिन्याखाली पडून नाक हलवत होता आणि पोट एकटंच बोलत होतं. समिधा त्याच्याजवळ स्टूल टाकून बसली. टी-शर्टला तिने शाळेचा मॉनिटरचा बॅज लावला होता. रविवारी त्याला काही अर्थ नव्हता, पण बरं वाटत होतं.

दुपारी पहिले विपुलभाई आले. हातात ताट, ताटात दूधपाक आणि पुऱ्या.

"समिधा बेटा, तेरा मेसेज पढ़ा. एकदम बराबर लिखा है तूने," ते म्हणाले. "बस ये मेरे बापूजी का है."

तेव्हा समिधाला ते जोडलेले हात कळले. प्रत्येकाला तो मेसेज दुसऱ्यांच्या पितरांबद्दल वाटला होता.

"काका, नाही देता येणार."

"अरे, मेरे बापूजी ने ज़िंदगी में किसी का पेट नहीं बिगाड़ा."

"काय करायचे ते?"

"भाईंदर में फरसाण की..." विपुलभाई मध्येच थांबले. पुरीकडे बघितलं. "ठीक है. मैं इधर साइड में खड़ा रहता हूँ."

मग शेवंतीकाकू. केळीचं पान, त्यावर वडे, आमटी, खीर, भोपळ्याची भाजी, सगळं साग्रसंगीत.

"काकू, टोस्टला फक्त पेज. डॉक्टरांनी सांगितलंय."

"आमच्या सासऱ्यांना पेज? उठून येतील ते!"

"येऊ देत ना काकू. मग कावळा पण नको नि टोस्ट पण नको."

"जीभ बघ कार्टीची! गेल्या वर्षी दारात उभी राहिलीस तर 'आई आहे का' एवढं विचारताना घाम फुटायचा तुला."

"हो," समिधा आनंदाने म्हणाली.

काकू पान घेऊन गच्चीवर निघाल्या. जाताना म्हणाल्या, कावळा नाही आला तर मी परत येणार, मग तू आहेस नि मी आहे.

तोपर्यंत सगळं जमत होतं. मग जिन्यावरून बाळाराम आजोबा उतरले.

एका हाताने कठडा, दुसऱ्या हातात पान. नवमीला त्यांनी जिजाआजींचं पहिलं पान ठेवलं होतं. नवऱ्याआधी गेलेल्या बायकांची तीच तिथी. आजोबा गच्चीवर उन्हात उभे राहिले होते. एक कावळा आला, डिशच्या अँटेनावर बसला, त्याने पान नीट बघितलं आणि उडून गेला. आजोबा खाली आले ते कुणाशी बोलले नाहीत. हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून विपुलभाई आणखी थोडे भिंतीला लागले.

"मना ठावं हाय तू काय लिवलंस," आजोबा म्हणाले. "सुनेनं वाचून दाखवलंन."

"आजोबा, त्याला खरंच..."

"पोरी, हा तिचा कुत्रा. तिनं वाढवला याला. नवमीला कावला शिवला न्हाय. आता यानं पन तोंड लावलं न्हाय, त मी काय समजायचं? रागावून गेली?"

समिधाकडे उत्तर होतं. डॉक्टर, सलाइन, एकच पोट. पण मॉनिटरचा आवाज निघेना. टोस्टला वड्याचा वास लागला होता. तो उठला, पाय पसरले, छाती टेकवली, मागची बाजू वर केली.

"बघ," आजोबा हळूच म्हणाले. "वलखलं तिला."

एक वडा. अर्धा वडा. अर्ध्याने काय होतंय? समिधाचा हात पानाकडे गेलासुद्धा. तेवढ्यात टोस्टच्या पोटात कुंईऽऽ झालं आणि तो नमस्कारातच कण्हला.

"आजोबा," समिधा म्हणाली. आवाज आठवीतला निघाला होता. "आजीला वडे आवडायचे?"

आजोबांनी पानाकडे बघितलं. "वडं? छ्या. तिला तललेलं सोसायचंच न्हाय. छातीत जलजल."

"मग हे?"

"सुनेनं केलंन. पद्धत हाय."

"ती काय खायची?"

"काय खानार. पेज. मिठागरावर जायाची तवा सकाली पेज पिऊन जायाची. फ्लॅटात आलो तरी पेजच. सून म्हनायची, आई, लोक काय म्हनतील? वर खडं मीठ चिमटीभर. बास."

समिधा स्टुलावरून उठली ती धावत घरात. गॅसवरून नुकती उतरवलेली टोस्टची पेज तिने पातेल्यासकट आणली.

"पेज आहे," ती धापा टाकत म्हणाली. आता आवाज जागेवर आला होता. "पण मीठ नाही चालणार."

आजोबांनी वाकून पेजेचा वास घेतला. मग वड्यांचं पान त्यांनी विपुलभाईंच्या हातात दिलं. "मीठ पानावर वेगलं वाढतात," ते म्हणाले आणि वर गेले. आले ते मुठीत खडेमीठ, काखेत केळीचं पान नि वाटी घेऊन. नवं केळीचं पान मांडलं, कोपऱ्यात मीठ ठेवलं, लांब, टोस्टच्या जिभेपासून सुरक्षित. मधोमध वाटी, वाटीत पेज.

टोस्टने वास घेतला. मग विपुलभाईंच्या एका हातातल्या ताटाकडे आणि दुसऱ्या हातातल्या पानाकडे बघितलं. मग बसला.

आजोबांनी वाटी थोडी पुढे सरकवली.

"काही इच्छा राहिली असेल," समिधाची आई दारातून म्हणाली. कावळा शिवत नाही तेव्हा असंच म्हणतात. "वचन द्या काहीतरी."

आजोबांनी हात जोडले. "जिजा, गोल्या येलेवर घेईन."

टोस्टने कान खाजवला.

"टीव्हीचा आवाज कमी ठेवीन."

काही नाही. विपुलभाई पुटपुटले, "ये अच्छा था," कारण तो टीव्ही तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू यायचा.

आजोबा कठडा धरून टोस्टसमोर वाकले. मग म्हणाले, "टोस्टला मी बघीन. तू बघायचीस तसं. ही पोरगी साला-अभ्यास सोडून किती बघनार? तू गेल्यापासून मी याच्याकडं नजर उचलून बघितलं न्हाय. बघवत न्हवतं. आता बघीन."

टोस्ट उठला, वाटीत तोंड घातलं आणि पेज प्यायला लागला.

आईने पदर डोळ्यांना लावला. विपुलभाईंचे हात गुंतलेले होते म्हणून त्यांनी नुसती मान वाकवली. समिधाने पातेलं आणताना पेजेत बोट घालून बघितलं होतं. तेव्हा ती चटका बसण्याइतकी गरम होती, आणि आत्ता कुठे निवली असणार. हे सांगण्यासारखं होतं. पण गप्प कधी बसायचं हेही मॉनिटरला कळायला लागतं.

टोस्टने वाटी चाटून पुसून लख्ख केली. थोडा वेळ उभा राहिला, आतून काही आठवत असल्यासारखा. मग त्याने मान वर केली आणि अशी ढेकर दिली की जिना घुमला.

कुत्रे एवढी मोठी ढेकर देतात हे समिधाला माहीत नव्हतं. गच्चीवरून शेवंतीकाकूंनी हाक मारली, "काय झालं गो?"

उत्तर विपुलभाईंनी दिलं, सवयीने, पेपर खाली ठेवायचे त्याच आवाजात, "जिजाबाए जमी लीधुं."

आजोबा पायरीवर बसले. टोस्ट त्यांच्या चपलेवर हनुवटी टेकून झोपला. पोट गप्प होतं.

"रात्री काय द्यायचं याला?" आजोबांनी विचारलं.

"पेजच. थोडी थोडी."

"नि मीठ?"

"नाही म्हणजे नाही."

"बरं," आजोबा म्हणाले. तसं ते आजवर घरात फक्त एकाच माणसाला म्हणत असणार.

पानाच्या कोपऱ्यात मीठ तेवढं उरलं होतं. आजोबांनी त्यातला एक खडा उचलला आणि तोंडात टाकला. कुत्रा जेवलेलं पान ते. मॉनिटर म्हणून समिधाने त्यांना थांबवायला हवं होतं.