पुढाकारातला ‘पुढे’

कर्नलला पलटणीत सगळे पंडित म्हणत. युद्धनीतीचं पुस्तक त्याने लिहिलं होतं आणि ते पाठ नसलेल्या अधिकाऱ्याला बढती मिळत नसे. आता त्याच पुस्तकाच्या आधारे त्याच्या सख्ख्या पुतण्याची वर्दी उतरवायची की ठेवायची, हे चौकशीच्या खोलीत ठरणार होतं.

भाऊ गेल्यावर हे पोर पंडितानेच वाढवलं. जेवताना मीठदाणी म्हणजे पूल आणि चमचे म्हणजे तुकड्या मांडून तो त्याला लढाई शिकवी. वहिनी वैतागायची, “भावजी, आधी जेवू द्या त्याला!” पोर मात्र हावरटासारखं ऐकायचं. पुढे ते कॅप्टन झालं आणि खऱ्याच पुलावर गेलं.

“पूल सोडायचा हुकूम कोणी दिला?” जनरलने विचारलं.

“कोणीच नाही, साहेब. रेडिओ बंद पडला होता. संपर्क तुटला तर पुढाकार घ्यावा, असं पुस्तकात आहे. मी घेतला.”

“आणि पळालात!”

“ड्रोनने पूल केव्हाच पाडला होता, साहेब. राखायला खाली पाणी होतं आणि वर हवा. मी माणसं परत आणली.”

कोणीतरी हसू दाबलं. जनरलच्या कपाळाची शीर तट्ट फुगली. पूल आपल्या ताब्यात आहे, असं याच गृहस्थांनी टीव्हीवर छाती फुगवून सांगितलं होतं. पूल तर आता उभा करता येत नव्हता, तेव्हा बळीचा बकरा हवा होता. वड्याचं तेल वांग्यावर काढायची ही रीत कुठल्याच पुस्तकात नसते, पण प्रत्येक सैन्याला ती पाठ असते.

जनरल पंडिताकडे वळला. “तुमचा शब्द आहे. पुढाकारात माघार बसते का?”

बसत होती. पंडिताने मुळात ‘स्वतःचा निर्णय’ असंच लिहिलं होतं. वरून निरोप आला, जरा मर्दानी शब्द घाला. याने ‘पुढाकार’ घातला आणि शाबासकी घेतली. हे एवढंच सांगायचं होतं. पण त्याच्या स्वतःच्या बढतीच्या शिफारशीवर सही याच जनरलची व्हायची होती. पंडिताची जीभ भलतंच बोलली.

“शब्दातच ‘पुढे’ आहे, साहेब.”

बाहेर व्हरांड्यात परत आलेले जवान साक्षीसाठी ताटकळत बसले होते. त्यांना कोणी आत बोलावलंच नाही. पुतण्या खांद्यावरच्या फिती काढून बाहेर आला आणि दाराशी उभ्या पंडितासमोर थांबला.

“काका, मीठदाणी पडली की चमचे आधी उचलायचे, हे तुम्हीच शिकवलं होतंत ना?”

पंडित बुटांकडे बघत राहिला. तेवढा भित्रेपणा त्याने आयुष्यात कधी केला नव्हता, आणि रणांगण तर त्याने जवळून पाहिलंही नव्हतं.

घरी वहिनीने त्याचं ताट वाढलं. पुतण्याचं ताट रिकामंच होतं. तो जेवायला बसला नव्हता. तिला सगळं कळलं होतं. ती रडली नाही. मीठदाणी तिने उचलली आणि पंडिताच्या पुढ्यात ठेवली.

“भावजी, तुमच्या शब्दात ‘पुढे’ आहे म्हणे. मग आता माझ्या पोराचं पुढे काय, तेही सांगा.”