तिसऱ्या बाकावरची वेणी

"डोकं जरा बाजूला घे की. अख्खा वर्ग तूच झाकलायस," भाऊजी मागून कुरकुरले.

मावशीनं डोकं बाजूला घेतलं. मग ताईला दिसेना, म्हणून ताईनं खुर्ची सरकवली, खुर्चीचा पाय खालच्या चिंध्यांत अडकला आणि तीही काहीतरी पुटपुटली. दुकान मुळात एका माणसानं पाय पसरून झोपावं एवढंच. त्यात दोन शिलाई मशिनी, इस्त्रीचं टेबल, दुरुस्तीला आलेल्या कपड्यांचा ढीग. संध्याकाळी शटर अर्धं खाली ओढलं की कापणीच्या टेबलावर हा जुना कॉम्प्युटर मांडला जायचा. त्याच्यासमोर तीन खुर्च्या. वर्ग भरायचा तो असा.

वर्ग म्हणजे खराखुरा कॉलेजचा वर्ग, इंटरनेटवरचा, फुकटातला. कुणीही बघावा, कधीही बघावा, ना प्रवेशाची कटकट ना परीक्षेची. हा नाद मूळचा मावशीचा. काज करताना हात चालू असतात आणि डोकं रिकामं, त्या रिकाम्या डोक्यात तिनं गेली कित्येक वर्षं कॉलेजं भरवली होती. मधमाश्या झाल्या, कायदा झाला, तारे झाले. मेंदू मात्र अर्ध्यावर सोडला, कारण ऐकता ऐकता तिला स्वतःच्याच मेंदूचा संशय यायला लागला. पँटची चेन बदलायला आलेली गिऱ्हाइकं घरमालकाच्या नोटिशीबद्दल तिला विचारून जात. आमची मावशी इतके विषय शिकली पण एकातही नापास झाली नाही, परीक्षाच दिली नाही ना, असं भाऊजी येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं ऐकवत.

तिला मावशी सगळेच म्हणत, गल्लीपासून सख्ख्या बहिणीपर्यंत. भिंगरी म्हणायची म्हणून. भिंगरी ही ताई-भाऊजींची एकुलती एक लेक. घरभर गिरक्या घेत फिरायची, तेव्हापासून नाव पडलं ते पडलं. ती लांबच्या शहरात कॉलेजला गेली. दुसऱ्या वर्षी सुट्टीत घरी यायला निघाली, आणि तिची बस पुलावरून नदीत गेली. काही माणसं सापडली, काही नाही. भिंगरी न सापडलेल्यांत होती. त्यामुळे घरात तिच्याबद्दल बोलायची एक वेगळीच तऱ्हा होऊन बसली. ती आली की बघू. तिला हा रंग आवडत नाही. तिची खोली तेवढी झाडून घे. असं बोलायचं हे कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, पण कुणी चुकतही नव्हतं.

ताईनं तर त्यानंतर कामच टाकलं. मशीनसमोर बसायची आणि चांगली शिवलेली शिवण उसवत राहायची. ताटातलं ताटात. भाऊजी गिऱ्हाइकांना उद्या या, परवा या करत राहिले. अशाच एका दुपारी मावशी भिंगरीच्या कॉलेजचे फुकटचे धडे शोधत बसली होती. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. नद्यांवरचा एक अभ्यासक्रम निघाला. नदी म्हटल्यावर खरं तर तिनं तिथूनच उठायला हवं होतं. पण बोट दाबून गेलं आणि तास सुरू झाला. कॅमेरा वर्गाच्या मागच्या भिंतीशी लावलेला, त्यामुळे पलीकडे फळ्यापाशी सर आणि अलीकडे सगळ्या मुलांच्या पाठी. तिसऱ्या बाकावर एक जाडजूड वेणी, टोकाला निळं रबर.

मावशीच्या तोंडून निसटलंच. "अगंबाई, ही तर आपली भिंगरी."

जीभ चावायला उशीर झाला होता. मागे ताई उभी होती.

त्या दिवशी ताई पोटभर जेवली. दुसऱ्या दिवशी तिनं एका कोटाचं अस्तर बदललं आणि भाऊजींवर इस्त्री गरम ठेवल्याबद्दल चक्क ओरडली. भाऊजींना इतका आनंद झाला की त्यांनी मुद्दाम पुन्हा गरम ठेवली. आणि मग रोज संध्याकाळी वर्ग. नदी डोंगरातून निघते कशी, गाळ वाहते कसा, पूर का येतो. शिकत कुणीच नव्हतं, तिघंही वेणीकडे बघत.

दुसऱ्याच तासाला सर फळ्याकडे वळून म्हणाले, की वरच्या अंगाला जे धरण बांधताहेत ते पुढच्या वर्षी पुरं होईल, मग या नदीचा स्वभाव बदलेल. मावशीची सुई काजात थांबली. त्या धरणावरच्या बागेत भिंगरी शाळेच्या सहलीला गेली होती आणि एकाच पायात बूट घालून परत आली होती. म्हणजे हा वर्ग त्या सहलीच्याही आधीचा. त्या वेळी भिंगरीला स्वतःची वेणी स्वतः घालता येत नव्हती. मावशीनं हळूच बाजूला पाहिलं. भाऊजींना नेमका खोकला आला. ताईनं दाताखाली दोरा तोडला आणि नवा ओवला. सर पुढे बोलत राहिले. ते वाक्य तिघांनी मिळून गिळून टाकलं.

एवढ्यावर निभावलं असतं तर मावशीची काही हरकत नव्हती. खोट्यानं का होईना, बहीण चार घास खाते आहे, शिवते आहे, भांडते आहे. खरं बोलून ती पुन्हा त्या उसवण्यात जाऊन बसली तर तिला बाहेर कोण काढणार? मावशी मनाशी म्हणाली, आपण लावलेलं खोटं आपणच सांभाळायचं.

पण ती वेणी वळायला लागली.

ताईला एक तास विशेष आवडला होता. त्यात सर सांगतात, की वळणावर नदी आतल्या अंगाला सुस्तावते आणि वाहून आणलेलं ओझं तिथे अलगद ठेवून देते. भाऊजींनी एकदा सुचवून पाहिलं, दुसरा एखादा तास लावूया का, तो झऱ्यांचा बरा होता. ताई ऐकेना. तोच तास पुन्हा, रोज. आणि सरांचं ते वाक्य आलं की ती पुढे झुकायची आणि हलक्या आवाजात म्हणायची, "वळ की गं भिंगरे. एकदा बघ तरी इकडे."

आधी कान दिसला. मावशी म्हणाली, असेल पहिल्यापासून, आपलंच लक्ष नसेल. मग गालाची कड दिसली. दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्या उघडल्या मावशीनं कापडावर खुणा करायचा खडू घेतला, तास लावला, त्या वाक्याशी थांबवला आणि काचेवर बरोबर कानाच्या पाळीशी बारीक रेघ ओढली. चित्रात टिपलेलं माणूस हलत नाही, हे समजायला कुठलंही कॉलेज लागत नाही. संध्याकाळी ताईनं हाक मारली. रात्री जेवणाआधी मावशीनं पुन्हा पाहिलं तेव्हा कानाची पाळी रेघेच्या पलीकडे गेली होती, आणि रेघेवर गाल होता.

मग तिनं एकटीनं बसून पाहिलं. ताई गिऱ्हाइकाकडे माप घ्यायला गेलेली, भाऊजी बाहेर चहाला गेलेले. मावशी गप्प बसून त्या मुलीकडे बघत राहिली. मुलगी हलली नाही. पुन्हा लावलं, तरी नाही. मग मावशीनं हळूच म्हणून पाहिलं, "भिंगरे." मुलीच्या मानेखालची एक शीर ताठ झाली. ऐकू आल्यासारखी.

मावशीनं बटण दाबून पडदा काळा केला आणि दिवसभर काज उलटे केले.

एकदा बघायला लागल्यावर तिला बाकीचंही दिसू लागलं. तिसऱ्या बाकावर त्या मुलीशेजारी एक मुलगा बसायचा. पूर्वी त्या वाक्याला तो जांभई द्यायचा. आता जांभई देत नव्हता, वही उचलून बाकाच्या टोकाला सरकत होता. आणि सर, जे आधी गाळाबद्दल घडाघडा बोलायचे, ते वाक्याच्या मध्येच अडखळत होते. तिसऱ्या बाकाकडे बघायचे, मग तिच्या डोक्यावरून थेट मागे, कॅमेऱ्याकडे. म्हणजे दुकानाकडे.

मावशीनं उपाय करून पाहिले. एके दिवशी इंटरनेट बंद आहे म्हणाली. ताईनं शेजारच्या झेरॉक्सवाल्याला हाक मारून खात्री करून घेतली. एकदा म्हणाली, कॉलेजनं तो तास काढून टाकलाय बहुतेक, त्यापेक्षा मधमाश्यांचा लावते, राणीमाशी फार गमतीची असते गं. ताईनं डोळे वर न करता नुसतं "लाव" म्हटलं. कुठला, ते सांगायची गरज पडली नाही.

शेवटी तिनं भाऊजींना गाठलं. ते एका सदऱ्याची कॉलर दाबत होते. भिंगरीबद्दल थेट बोलायची दोघांनाही सवय उरली नव्हती, म्हणून ती आडून आडून म्हणाली, की भिंगरी म्हणे वर्गात कधी पुढे बसतच नाही. भाऊजी म्हणाले, नाहीच बसत, मागच्या बाकाची ती मालकीण आहे, तिसऱ्या बाकावर बसायला कुणी फितवलं असतं तरी गेली नसती. त्यांनी इस्त्री ओल्या कॉलरवर दाबली. वाफेत त्यांचा चेहरा दिसेना.

"म्हणजे तुम्हालाही माहीत आहे," मावशी म्हणाली.

"मला काही माहीत नाही," भाऊजी म्हणाले. "आणि तू तिला काही सांगू नकोस. ती पोरगी वळली तर वळू दे."

"आणि वळल्यावर?"

भाऊजींनी सदरा उलटा केला आणि जी बाजू मघाशीच झाली होती ती पुन्हा दाबायला घेतली.

त्या संध्याकाळी वर्ग भरला, डोकं बाजूला घ्यायची कुरकुर झाली आणि तास लागला. मावशीनं ठरवलं होतं, सर त्या वाक्यापाशी आले की आपण वायरच ओढायची. तिनं पाय लांब करून वायर अंगठ्यात धरलीसुद्धा. सर म्हणाले, वळणावर नदी आतल्या अंगाला सुस्तावते, आणि थांबले. खडू त्यांच्या हातात तसाच राहिला. शेजारचा मुलगा उठून भिंतीशी जाऊन उभा राहिला. ताई पुढे झुकली, पण या वेळी तिच्या तोंडून हाक निघाली नाही. हाकेची गरजच राहिली नव्हती. मावशीचा अंगठा वायरवर लाकडासारखा झाला. तो ओढेना.

मुलगी वळली.

चेहरा साधाच होता. गोलसर, कपाळावर एक पुटकुळी, ओठ वाळलेले. भिंगरीची एकही खूण त्यात नव्हती. तिच्या डोळ्यांत भीती होती आणि खूप दिवसांची राहिलेली झोप. गर्दीत कुणीतरी आपल्याला सारखं बोलावतंय आणि दिसत मात्र नाही, तसं ती शोधत होती. आधी भाऊजींकडे बघून झालं. मग मावशीकडे. काचेच्या या बाजूला मावशीनं अंग चोरलं. मग ती ताईवर थांबली, आणि तिनं बाकावरची वही छातीशी धरली, निघायच्या तयारीनं एक पाय बाहेर काढला.

"मलाच बोलावताय ना रोज?" तिनं विचारलं. आवाज छोट्या स्पीकरमधून आला, पण दुकानातल्या कुणीतरी विचारल्याइतका जवळून. "यायचं का मी?"

भाऊजींच्या खुर्चीनं मागे कपड्यांच्या ढिगाला धडक दिली. मावशीला वाटलं, आता ताई हो म्हणणार. इतके दिवस उपाशी ठेवलेलं ते 'हो' तिला ताईच्या पाठीत दिसत होतं, पोक काढून बसलेलं. मुलीनं दुसरा पायही बाहेर काढला. सर फळ्यापाशी तसेच उभे, वर्गातली सगळी डोकी खाली.

ताईनं मांडीवरचं शिवणकाम बाजूला ठेवलं. पडद्याजवळ गेली, आणि ताप आलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा तिनं काचेवर हात ठेवला.

"नको, बाळा. बस तू जाग्यावर," ती म्हणाली. "तुझ्या घरी तुझी आई असेल. मी तुझी कुणी नाही. हे मला पहिल्या दिवसापासून कळलं होतं, या दोघांनाही कळलं होतं. आम्ही उगीच तुला हाका मारल्या."

मुलगी वही धरून तशीच उभी. तिला पुरतं ऐकायचं होतं.

ताईनं श्वास घेतला. "माझी मुलगी त्या नदीत मेली," ती म्हणाली. "भिंगरी मेली."