पाठीतला धपाटा

केप टाउनहून झोलेका आपल्याच गावात आली ती मानववंशशास्त्राच्या ऑनर्सच्या प्रबंधासाठी मुलाखती घ्यायला. मावशीने तिला खुर्ची दिली. बाकी बायका चटईवर बसून मक्याचे दाणे काढत होत्या.

“मावशी, खुर्ची पाहुण्यांना देतात गं!”

“मग तू कोण? आल्यापासून नुसते प्रश्न. चहा कुणी टाकायचा, हा एक सोडून!”

सगळ्या खिदळल्या. अभ्यासकाने अंतर राखावं म्हणे! शिकवणाऱ्यांच्या बापाचं काय जातं? झोलेकाने रेकॉर्डर बंद केला, चटईवर बसून कणीस उचललं आणि अर्धे दाणे मातीत सांडले. पूर्वी यावर मावशीचा पाठीत धपाटा बसायचा.

“राहू दे हो बाई, हात दुखतील,” मावशी गोडीत म्हणाली.

त्या धपाट्यासाठी झोलेकाचा जीव तुटला.